लाजाळू माणसाने मेटल डिटेक्टिंग क्लबात जावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमिनीतला धातू शोधणारं मशीन, म्हणजे मेटल डिटेक्टर, घेतलंय किंवा घ्यायचं ठरलंय, जवळपास एक क्लब आहे हेही कळलंय, पण तिथे जायचं म्हटलं की पाय मागे येतो. अशा वाचकांसाठी ही उत्तरं आहेत. प्रत्येकाने क्लबात जावंच असा आमचा आग्रह नाही. कधी जाऊ नये तेही खाली लिहिलं आहे.

मी चारचौघांत बुजतो. माझ्यासारख्याचं क्लबात जमेल का?

बहुतेक वेळा जमतं, फक्त क्लब शेतावर जाणारा हवा. शोधफेरीचा, म्हणजे शेतावर जमून डिटेक्टरने शोध घेण्याचा, दिवस साधारण पाच-सहा तासांचा असतो. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं सूचना, मध्ये खाण्याची सुट्टी, शेवटी सापडलेल्या वस्तू टेबलावर मांडणं. बाकीचा सगळा वेळ प्रत्येक जण कानाला हेडफोन लावून, मान खाली घालून, दुसऱ्यापासून बराच लांब एकटा चालत असतो. तिथे गप्प राहणारा माणूस कुणाला विचित्र वाटत नाही. उलट सारखा बोलणारा माणूस लोकांना नकोसा होतो.

मात्र आपला बुजरेपणा कुठल्या जातीचा आहे ते आधी ओळखा. काहींना अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात करणं जड जातं. काहींना बोलायचं काही वाटत नाही, पण कुणी बघत असताना काम करायचं म्हटलं की हात थरथरतो. पहिल्या अडचणीवर क्लब हाच चांगला उपाय आहे, कारण बोलायला विषय आयता मिळतो. दुसऱ्या अडचणीसाठी थोडी घरची तयारी लागते. ती पुढे दिली आहे.

एकट्यानेच फिरलो तर कुणाशी बोलावंच लागणार नाही, नाही का?

हा हिशेब उलटा आहे, आणि निर्णय घेताना सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

डिटेक्टर घेऊन कुठेही खणता येत नाही. जवळजवळ प्रत्येक जमिनीला मालक असतो आणि त्याची परवानगी लागते. एकटं फिरायचं म्हणजे अनोळखी शेतकऱ्याचं दार वाजवायचं, आपण कोण ते सांगायचं, खड्डे बुजवू म्हणून त्याची खात्री पटवायची, सापडलेल्या वस्तूचा वाटा कसा ठरेल ते बोलायचं, जनावर खड्ड्यात पाय पडून लंगडं झालं तर भरपाई कोण देणार याचं उत्तर द्यायचं. एवढं करून दहापैकी बऱ्याच ठिकाणी ‘नाही’ ऐकायचं. सार्वजनिक बागेत किंवा समुद्रकिनाऱ्यावर गेलात तर येणारा-जाणारा थांबून ‘काय सापडलं?’ विचारतो, आणि त्याला हेडफोनचंही काही वाटत नाही.

क्लबात हे सगळं एक माणूस सगळ्यांच्या वतीने करतो. परवानगी त्याने आणलेली असते, विमा बहुधा क्लबमार्फत असतो, गाड्या कुठे लावायच्या ते ठरलेलं असतं. तुम्ही यायचं, वहीत नाव लिहायचं आणि चालायला लागायचं. लाजाळू माणसाला पोटात गोळा आणणारं संभाषण क्लबामुळे टळतं.

क्लब नेमकं काय काय करतो?

एकाच नावाखाली बऱ्याच वेगळ्या गोष्टी चालतात, म्हणून आधी चौकशी करावी.

शोधफेरी म्हणजे एका शेतावर दहा ते चाळीस जण, बहुतेक सभासदच. सभा बंद खोलीत होते, महिन्यातून एकदा. तिथे कामकाज, कधी एखादं व्याख्यान, आणि ‘महिन्याची सर्वोत्तम वस्तू’ निवडायची चुरस असते. मेळाव्याला शेकडो माणसं येतात. गर्दीत कुणी ओळखत नाही हे काहींना सोयीचं वाटतं, पण नवख्याला शिकायला ती जागा वाईट. काही क्लब आधी पुरून ठेवलेल्या टोकनांची शर्यत लावतात. शिट्टी वाजली की सगळे धावतात, मशीनं एकमेकांत घुसतात. बुजऱ्या माणसाने पहिल्या वर्षी या शर्यतीच्या वाटेला जाऊ नये. पाचवा प्रकार हरवलेल्या वस्तू शोधून देण्याचा: कुणाची अंगठी गवतात पडली की दोघे-तिघे जाऊन शोधतात. शांत स्वभावाच्या लोकांना हे काम फार मानवतं, कारण काय शोधायचं ते ठरलेलं असतं आणि सापडल्यावर कुणाला भाषण द्यावं लागत नाही.

आधी सभेला जाऊ की शोधफेरीला?

शोधफेरीला. ‘आधी सभेला येऊन सगळ्यांना भेट’ असा सल्ला सर्रास मिळतो, आणि तो बोलक्या माणसांनी दिलेला असतो. सभेत हात रिकामे असतात, खुर्च्या ठरलेल्या असतात, जुने लोक आपापल्या घोळक्यात बसतात, आणि नवा माणूस दाराशी उभा राहतो. शेतावर हातात मशीन असतं, नजर जमिनीवर ठेवायला कारण असतं, आणि कंटाळा आला तर शंभर पावलं लांब जाता येतं.

काही क्लबांत शोधफेरीला येण्याआधी एका सभेला हजर राहायची अट असते. तसं असेल तर मध्यंतराच्या वेळी जा, वस्तूंचं टेबल बघा, सचिवाला नाव सांगा आणि निघा. वीस मिनिटांत अट पूर्ण होते.

पहिला निरोप कसा लिहावा?

फोन करू नका, लिहा. क्लबाच्या सचिवाला थोडक्यात आणि सरळ लिहिलेला निरोप आवडतो. नमुना:

‘नमस्कार. मी मेटल डिटेक्टिंगला नवीन आहे. आपल्या क्लबाच्या एखाद्या शोधफेरीला पाहुणा म्हणून येता येईल का? मी जरा शांत स्वभावाचा आहे, त्यामुळे त्या दिवशी कुणाला भेटायचं आणि कुठे उभं राहायचं हे आधी कळलं तर बरं होईल. विमा आधी घ्यावा लागतो का? सापडलेल्या वस्तूंबाबत मालकाशी काय ठरलं आहे? कळवावं.’

यात स्वभावाबद्दल एकच वाक्य आहे, तेवढं पुरे. माफी मागू नका, कारणमीमांसा देऊ नका. या एका वाक्याने दोन कामं होतात: समजूतदार सचिव कुणाला तरी तुमच्यासाठी नेमतो, आणि ज्या क्लबाला अशा माणसाचं काय करावं कळत नाही तो त्याच्या उत्तरातूनच कळतो. ‘या, सकाळी आठला फाटकाशी अमुक जण असतील’ असं उत्तर आलं तर क्लब चांगला चालतो असं समजा. आठवडाभर उत्तरच नाही आलं तर एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नको.

पहिल्या दिवशी काय काय होतं? मला आधी माहीत असलेलं बरं वाटतं.

ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा. उशिरा गेलं की कुणाच्या नजरेत भरत नाही हा समज खोटा आहे. सूचना चालू असताना गाडी आत आली की तीस माना वळतात. लवकर गेलं की दोन-तीनच माणसं असतात आणि तीही सामान उतरवण्यात गुंतलेली.

आधी नोंद. वहीत नाव, गाडीचा क्रमांक, घरच्यांचा फोन लिहायचा, असली तर दिवसाची फी द्यायची. विम्याचं किंवा सभासदत्वाचं कार्ड मागतात, ते वरच्या खिशात ठेवा. मग सूचना होतात: कुठली शेतं खुली, कुठे पेरलंय म्हणून जायचं नाही, फाटकं उघडी ठेवायची की बंद, सुट्टी कधी, परतायची खूण कुठली. या वेळी ‘आज नवीन कोण?’ असं विचारतात. हात वर करायचा, बस. ओळख करून द्यायला लावणारे क्लब थोडे. तशी वेळ आलीच तर नाव आणि ‘पहिलीच वेळ’ एवढं म्हणा.

सूचना संपल्या की सगळे फाटकापासून जवळच्या कोपऱ्यात गर्दी करतात. तुम्ही सरळ लांबच्या बांधाकडे चालत जा. तिथे माणसं कमी, मशीनचा गोंधळ कमी, आणि दर महिन्याला तोच पुढचा पट्टा विंचरला जात असेल तर वस्तू राहिलेल्या असण्याची शक्यताही मागेच जास्त.

सुट्टीच्या वेळी गाडीशी जाऊन एकट्याने खाल्लं तरी चालतं. अर्धे जण तेच करतात. दिवस संपला की नोंदवहीत ‘गेलो’ अशी खूण करायची. हे विसरू नका. खूण नसली तर अंधार पडेपर्यंत लोक तुम्हाला शोधत बसतात, आणि मग तुमचं नाव सगळ्यांच्या लक्षात राहतं.

इतरांपासून किती अंतर ठेवायचं? कुणी अगदी जवळ आलं तर?

किमान दहा-पंधरा मीटर, आणि त्याला तांत्रिक कारण आहे. डिटेक्टरची कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तबकडी, जमिनीत विद्युतचुंबकीय लहरी सोडते आणि धातूकडून येणारा प्रतिसाद ऐकते. शेजारच्याचं मशीन त्याच किंवा जवळच्या वारंवारितेवर चालत असेल तर त्याच्या लहरी तुमच्या कॉइलला धातूसारख्या वाटतात. कॉइल हलत नसतानाही कडकड, चिवचिव सुरू झाली की हा त्याचाच परिणाम. कॉइल हवेत स्थिर धरून मशीनमधलं नॉइज कॅन्सल (बाहेरचा गोंधळ टाळणारी सोय) चालवा, नाहीतर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनची संवेदनशीलता, दोन-तीन पायऱ्या खाली आणा. तरीही थांबलं नाही तर लांब व्हा.

म्हणजे एकटं राहायचं सबब तुमच्याकडे तयारच आहे. ‘मशीन ओरडतंय, जरा तिकडे जातो’ असं म्हणून निघालेल्या माणसाला कुणी शिष्ट म्हणत नाही. दर सेकंदाला ठरावीक तालात टक-टक ऐकू येत असेल तर मात्र शेजाऱ्याला दोष देऊ नका, ते बहुधा जवळच्या विजेच्या कुंपणाचं असतं. आणि खिशातला मोबाइलही असाच आवाज करतो. तो कॉइलपासून लांब, मागच्या खिशात ठेवा.

दुसऱ्याच्या उघड्या खड्ड्याशेजारी जाऊन मशीन फिरवणं हा मात्र इथला खरा असभ्यपणा. नवख्याकडून तो नकळत होतो. कुणी गुडघ्यावर बसलेलं दिसलं की लांबून वळसा घाला.

सतत हेडफोन लावून राहणं उद्धटपणाचं दिसेल का?

अजिबात नाही, सगळेच लावतात. उघड्या स्पीकरवर मशीन वाजवणाऱ्यावर लोक जास्त चिडतात. एकच काळजी: परतीची शिट्टी किंवा भोंगा ऐकू आला पाहिजे, म्हणून एक कान थोडा मोकळा ठेवा.

मला मशीन नीट चालवता येत नाही. लोक बघून हसतील.

तुमच्या मशीनच्या पडद्यावर काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. जुने लोक एकच गोष्ट बघतात: तुमचा खड्डा. वाईट खड्ड्यामुळे क्लबाची परवानगी जाते, म्हणून त्यांची नजर तिथे असते. तेव्हा घरची तयारी खड्ड्याचीच करा.

गवताळ जमिनीवर असं खणा. कॉइलने आधी जागा नक्की करा. सिग्नलच्या जागी कॉइल आडवी फिरवा, मग नव्वद अंशांत वळून पुन्हा फिरवा. दोन्ही रेघा जिथे छेदतात तिथे वस्तू. त्याभोवती धारदार खुरप्याने घोड्याच्या नालेसारखा तीन बाजूंनी काप घ्या, साधारण १५ ते २० सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर खोल, चौथी बाजू न कापता बिजागरीसारखी ठेवा. ढेप उलटून ठेवा. खालची सुटी माती गवतावर टाकू नका, शेजारी अंथरलेल्या कापडावर काढा. पिनपॉइंटर (हातात धरायचा छोटा डिटेक्टर) आधी ढेपेत, मग खड्ड्यात, मग कापडावरच्या मातीत फिरवा. वस्तू निघाली तरी खड्डा पुन्हा एकदा तपासा, कारण एकाखाली दुसरी असते. मग कापडावरची सगळी माती आत ओता, ढेप मिटवा, पायाने दाबा. चांगल्या खड्ड्याची जागा पाच पावलांवरून ओळखू येऊ नये.

बिघडतं ते तीन कारणांनी. ढेप फार पातळ कापली की मुळं तुटतात आणि चार दिवसांत गवताचा पिवळा गोल दिसायला लागतो. कडक उन्हाळ्यात कोरडी जमीन कापली तर नीट केलेली ढेपही जळते, तेव्हा गवतात खणायचंच नसतं. तिसरं म्हणजे पिनपॉइंटर सारखा वाजतो आणि कारण सापडत नाही. बहुतेक वेळा बोटातली अंगठी, मनगटावरचं घड्याळ किंवा बुटातली लोखंडी टोपी हे त्याचं कारण असतं. कुणी बघत असताना हेच घडलं की माणूस गोंधळतो, म्हणून घड्याळ आणि अंगठी घरी काढून या आणि लोखंडी टोपीचे बूट घालू नका.

मशीनची तयारी घरच्या अंगणात होते. एक नाणं ५, एक १० आणि एक १५ सेंटिमीटरवर पुरा, शेजारी एक खिळा आणि डब्याच्या झाकणाची कडी. प्रत्येकाचा आवाज आणि पडद्यावरचा आकडा लिहून ठेवा. कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, सपाट ठेवा. टोकाला पोचल्यावर ती वर उचलायची सवय सगळ्यांना लागते आणि तिथेच सिग्नल निसटतो. डावीकडून उजवीकडे जायला दोनेक सेकंद, आणि पुढचा फेरा आधीच्या अर्ध्यावर यायला हवा. असे पाच-सहा तास सराव झाला की कुणीही बघू दे.

माझं मशीन साधं आहे. चालेल?

चालेल. ग्राउंड बॅलन्स (मातीतल्या खनिजांमुळे मशीन वाजू नये म्हणून करायची जुळणी) नीट करता येत असेल आणि हेडफोन लागत असतील तर पहिलं वर्ष त्यावर आरामात निघतं.

दिवसभरात काहीच सापडलं नाही तर?

तर तुम्ही तिथल्या बहुसंख्यांत आहात. खिळे, फॉइलचे तुकडे, डब्यांच्या कड्या, शिशाचे गोळे, नांगराचे तुकडे हाच रोजचा माल. सोन्याची अंगठी आणि फॉइल पडद्यावर एकाच पट्ट्यात आकडे दाखवतात, म्हणून अंगठी हवी असेल तर कचराही खणावाच लागतो. एक पिशवी कचऱ्यासाठी ठेवा आणि तो शेतात परत टाकू नका. दिवसअखेर कचऱ्याने भरलेली पिशवी आणि एकही उघडा खड्डा नाही, एवढ्यावर मालक खूश असतो.

‘काय मिळालं?’ असं कुणी विचारलं की ‘खिळे’ हे पुरेसं उत्तर आहे. ऐकणारा हसतो, कारण त्यालाही तेच मिळालेले असतात.

आणि खरंच काही मोलाचं सापडलं तर? सगळे भोवती जमतील.

जमतील, आणि बुजऱ्या माणसाची ही भीती खरी आहे. म्हणून क्रम आधी पाठ करून ठेवा. वस्तू बोटाने चोळू नका, पाण्याने धुऊ नका. मातीचे कण चांदी-तांब्यावर सँडपेपरचं काम करतात आणि नाण्यावरची अक्षरं घासली की कायमची जातात. जागेवरच फोटो काढा, फोनमधून ठिकाणाची नोंद घ्या, वस्तू मऊ कागदात ठेवून छोट्या डबीत घाला. मग आरडाओरडा न करता क्लबाच्या नोंदणीप्रमुखाकडे, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्याकडे, चालत जा आणि डबी त्याच्या हातात द्या. पुढचं बोलणं त्याचं काम.

एकाच जागी दोन-तीन जुनी नाणी एकत्र किंवा भांड्याचा काठ दिसला तर खणणं तिथेच थांबवा. हा मोह आवरल्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या हॉक्सनचं. नोव्हेंबर १९९२ मध्ये एरिक लॉज हे एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला डिटेक्टर घेऊन गेले आणि त्यांना रोमन काळातलं सोनं-चांदी लागलं. सगळं उपसून न काढता त्यांनी कळवलं. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना जवळपास पंधरा हजार नाणी आणि दागिने मूळ रचनेत उचलता आले, पेटीत काय कशावर ठेवलं होतं तेसुद्धा कळलं. हातोडाही सापडला. तोही आता ब्रिटिश म्युझियमकडे आहे.

तोफगोळा, बॉम्ब किंवा तसं काही वाटलं तर हात लावू नका, हलवू नका. आल्या वाटेने मागे या, जागेची खूण करा, आयोजकाला सांगा, पोलिसांना कळवा. इथे लाजून गप्प बसायचं नाही. जोरात ओरडून इतरांना थांबवा.

कायद्याचं काय? चूक झाली तर सगळ्यांसमोर नाचक्की होईल.

नियम देशागणिक इतके वेगळे आहेत की एका ठिकाणचा सल्ला दुसऱ्या ठिकाणी गुन्हा ठरतो. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये १९९६ च्या ट्रेझर ॲक्टनुसार ‘ट्रेझर’च्या (खजिन्याच्या) व्याख्येत बसेल अशी वस्तू १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा बाबींची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावी लागते. डेन्मार्कमध्ये हौशी लोकांना शोध घेता येतो, पण ‘दानेफे’ (सरकारच्या मालकीचा पुरातन ठेवा) ठरणारी वस्तू सरकारजमा करावी लागते. स्वीडनमध्ये डिटेक्टर वापरायलाच आधी प्रशासनाचा परवाना लागतो. आयर्लंडमध्ये पुरातन वस्तू शोधण्यासाठी तो परवानगीशिवाय वापरता येत नाही. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांत बंदी आहे, आणि सरकारी जमिनीवरच्या शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तूंना १९७९ चा कायदा लागू होतो. भारतात १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा निधी, म्हणजे जमिनीत पुरलेला ऐवज, सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं, आणि संरक्षित स्मारकांच्या परिसरात परवान्याशिवाय खणता येत नाही.

हे सगळं स्वतः वाचून लावण्यापेक्षा क्लबातल्या एका जाणत्या माणसाला विचारणं सोपं. क्लबाचा हा फायदा बुजऱ्या माणसाला सगळ्यात उशिरा कळतो.

सापडलेली वस्तू सगळ्यांना दाखवलीच पाहिजे का?

सभेतल्या चुरशीसाठी नाही, ती ऐच्छिक असते. पण नोंदणीप्रमुखाला आणि जमिनीच्या मालकाला दाखवणं टाळता येत नाही. वस्तू मालकाच्या जमिनीतली असते आणि वाटा आधी ठरलेला असतो, बऱ्याच ठिकाणी निम्मा-निम्मा. लाजेपोटी खिशात ठेवलेली वस्तू आणि चोरीपोटी खिशात ठेवलेली वस्तू बाहेरून सारखीच दिसते. बोलायला जमत नसेल तर डबीवर नाव, तारीख आणि जागा लिहून टेबलावर ठेवा. चिठ्ठीही चालते.

कुठल्या क्लबात जाऊ नये?

जिथे परवानगी लेखी आहे का असं विचारलं की ‘काळजी करू नको’ असं उत्तर येतं, तिथे. जिथे वस्तूंची नोंद ठेवणारं कुणीच नाही, तिथे. नव्या माणसाच्या सिग्नलवर जुना माणूस खुरपं घेऊन येतो आणि कुणी त्याला हटकत नाही, तिथे तर नक्कीच नाही. रात्री, दिवे न लावता, संरक्षित जागेजवळ जायची भाषा निघाली तर त्याच दिवशी काढता पाय घ्या. अशा माणसांना चोरटे म्हणतात आणि त्यांच्यासोबत दिसणंही महाग पडतं.

याउलट रुक्ष सचिव, थट्टेखोर म्हातारे, वीस वर्षांचे जुने घोळके या तक्रारी आहेत, धोके नाहीत. तेवढ्यावरून क्लब सोडू नका.

सगळे एकमेकांना ओळखतात. मी कायम बाहेरचाच राहीन का?

पहिल्या दोन फेऱ्यांत तसंच वाटतं. इथली माणसं नावाआधी मशीन आणि टोपी लक्षात ठेवतात, त्यामुळे दर वेळी तेच मशीन आणि तीच टोपी घेऊन गेलात की तिसऱ्या फेरीला कुणीतरी मान हलवतं. निदान तीन फेऱ्या झाल्याशिवाय मत बनवू नका, आणि त्या सलग करा. मध्ये सहा महिने गेले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

बोलायला काही सुचत नसेल तर हे तीन प्रश्न कधी वाया जात नाहीत: ‘हा आकडा तुमच्या मशीनवर काय असतो?’, ‘या मातीत ग्राउंड बॅलन्स कितीवर ठेवता?’, ‘हे काय असेल?’ तिसरा प्रश्न विचारून हातावर एक गंजका तुकडा ठेवा आणि ऐकत राहा. पुढची दहा मिनिटं तुम्हाला एक शब्दही बोलावा लागत नाही.

मध्येच निघून येता येतं का?

येतं. नोंदवहीत खूण करा, आयोजकाला हात करा, फाटक जसं होतं तसं ठेवा. कारण सांगायची गरज नाही. गाडी लावतानाच बाहेर पडायच्या बाजूला तोंड करून लावा, म्हणजे कुणाला गाडी हलवायला सांगावं लागत नाही.

ओळखीच्या एकाला सोबत नेलं तर?

न्यायला हरकत नाही, पण त्याच्याकडेही मशीन हवं आणि त्याचंही नाव आधी कळवायला हवं. नुसता बघ्या दोन तासांत कंटाळतो आणि तुमचा दिवस संपवतो.

मी बाई आहे आणि क्लबात बहुतेक पुरुष दिसतात.

बऱ्याच क्लबांत हे खरं आहे. पहिल्या निरोपात ‘शोधफेरीला आणखी बायका येतात का, आणि स्वच्छतागृहाची सोय आहे का’ असं सरळ विचारा. उत्तर किती साधेपणाने येतं त्यावरून बरंच कळतं. स्वतःच्या गाडीने जा, शेताचं ठिकाण घरी कळवून ठेवा. अनोळखी शेतात एकटीने फिरण्यापेक्षा वीस जणांच्या नजरेच्या टप्प्यात असणं बहुतेक वेळा जास्त सुरक्षित, आणि त्रास देणाऱ्याची तक्रार करायला इथे निदान एक सचिव तरी असतो.

क्लबात शांत माणसाला करण्यासारखं काम कुठलं?

नोंदणी. वस्तूचं वजन, माप, फोटो, जागा, तारीख लिहायची. लोक रांगेने तुमच्याकडे येतात, प्रश्न ठरलेले असतात, आणि वर्षभरात तुम्हाला क्लबातल्या कुणाहीपेक्षा जास्त वस्तू हाताळायला मिळतात. जुने नकाशे आजच्या नकाशावर ठेवून बुजलेल्या पायवाटा, मोडलेली घरं, बाजाराच्या जागा शोधणं हेही घरबसल्या होणारं काम आहे, आणि ते करणारा माणूस प्रत्येक क्लबाला हवा असतो. अध्यक्षपद मात्र टाळा.

क्लब नकोच असं ठरलं तर मधला मार्ग आहे का?

आहे. सभासद न होता दिवसापुरती फी भरून येऊ देणाऱ्या शोधफेऱ्या असतात. क्लबातला एकच सोबती पकडून दोघांनी फिरता येतं. परवानगीचं बोलणं त्याने करायचं, नकाशे तुम्ही. पुरातत्त्व विभाग किंवा संग्रहालयं कधी कधी पाहणीसाठी डिटेक्टरवाले स्वयंसेवक घेतात. तिथे आखलेल्या दोरीमधून ठरलेल्या वेगाने चालायचं असतं आणि गप्पांना जागाच नसते. कुठलाही मार्ग घ्या, पण तिसऱ्याच्या नुकसानीचा विमा स्वतःच्या नावाने असू द्या. ब्रिटनमध्ये नॅशनल काउन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगच्या वैयक्तिक सभासदत्वातही असा विमा मिळतो, त्यासाठी स्थानिक क्लबात असावं लागत नाही.

वर्गणी भरली आणि नंतर नकोसं झालं तर?

पुढच्या वर्षी नूतनीकरण करू नका. सचिवाला ‘या वर्षी थांबतोय, आभार’ एवढी एक ओळ पाठवा, म्हणजे चौकशीचे फोन येत नाहीत. फाटकाची किल्ली किंवा क्लबाचं काही सामान असेल तर परत करा. आणि क्लबासोबत पाहिलेल्या शेतांवर नंतर एकट्याने जाऊ नका. ती परवानगी क्लबाच्या नावावर असते, तुमच्या नाही. तिथेच फिरायचं असेल तर मालकाकडे नव्याने, स्वतःच्या नावाने विचारावं लागतं, आणि त्याआधी क्लबाला कळवणं बरं.